स्वभावाला चाळीस गुण

तामलवाडीपासून तुळजापूरपर्यंत आमच्या मामेसासऱ्यांइतका घोड्यांवर विचार केलेला माणूस नाही, आणि त्यांच्याइतका घोड्यावरून पडलेलाही नाही. हे हिचे मामा. जगातल्या कुठल्याही गोष्टीला शंभर गुण वाटून दिल्याशिवाय त्यांना घास गिळत नाही. वांगी घ्यायला गेले तर देठाला तीस, चकाकीला वीस, विकणारीच्या तोंडाला दहा, अशी बेरीज होईपर्यंत बाजार उठतो आणि मामा रिकामी पिशवी हलवत घरी येतात. हिच्यासाठी मला बघायला आले तेव्हा पगाराला पंधराच धरले आणि पाठीच्या कण्याला पंचवीस. मी काठावर पास झालो, हे अजून चारचौघांत सांगतात.

पण त्यांची खरी विद्या शर्यतीची. शेजारच्या गावच्या जत्रेत दरसाल घोडे पळतात, आणि कोण पहिला येणार हे विचारायला अख्खा गाव मामांच्या ओसरीवर ठाण मांडतो. मागच्या पळण्याला तीस, खुराला वीस, स्वाराच्या वजनाला तीस, उरलेले वीस जमिनीला आणि वयाला. काळ्या रानात उडणारा घोडा मुरमावर कुथतो, तेव्हा रान बघून वाटणी बदलायची, हे मामा असं समजावतात की ऐकणाऱ्याला आपणच घोडा असल्यासारखं वाटावं. पैज मात्र कधी लावणार नाहीत. "जीव गुतला की वाटणी बिघडती," असं म्हणतात. अंदाज चुकला तर चूक घोड्याची.

मामांकडं एक पांढरी घोडी होती. निम्मा तालुका तिच्यावर बसून बोहल्यावर गेलेला. पुढं नवरदेव मोटारीतून यायला लागले आणि घोडी नुसती कडबा खात उभी राहिली. मामींनी व्यापारी ठरवला. मामा लईच गयावया करायला लागले, तेव्हा मामींनी अट घातली: जत्रेत पहिल्या तिघांत आली तर राहील, नाहीतर दावं व्यापाऱ्याच्या हातात.

मामांनी बेरीज मांडली. घोडी शेवटची. पुन्हा मांडली, तरी शेवटचीच. मग या माणसानं आयुष्यात पहिल्यांदा लबाडी केली. खुराचे काढले, वयाचे काढले, जमिनीचे काढले, आणि 'स्वभाव' म्हणून नवीनच रकाना पाडून त्याला चाळीस गुण दिले. माझ्याकडं न बघता म्हणाले, घोडी पहिली येतीय. मीही मान डोलावली. बिचाऱ्याचं तोंड बघवत नव्हतं.

जत्रेच्या दिवशी घोडे रेघेवर उभे राहिले आणि इशाऱ्याची हलगी कडाडली. बाकीचे सुटले. आमची घोडी जागच्या जागी नाचायला लागली! जन्मभर वरातीत वाढलेली ती; हलगी वाजली की पाय उचलायचे, एवढंच तिला ठाऊक. मान वेळावून अशी काही नाचली की लोक शर्यत सोडून तिच्याभोवती गोळा झाले. कुणी स्वारावरून नोट ओवाळून टाकली. पहिला कोण आला यावर गावात अजून भांडणं आहेत. एवढे रकाने पाडले, पण हलगीचा रकाना मामांना सुचलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी व्यापारी दारात आला. मामा शब्दाचे पक्के. दावं सोडायला स्वतः वाकले, पण गाठ काही त्यांच्यानं सुटेना. मला वाईट वाटलं, पण जावयानं मधे काय बोलावं? तेवढ्यात मामी पदर खोचून बाहेर आल्या, दावं हिसकून घेतलं आणि गाठ आणखी आवळली.

"शेवटी आली म्हणून इकायची म्हणलं," त्या व्यापाऱ्याला म्हणाल्या, "तर ह्यांना म्या कवाच इकायला पायजे होतं."

व्यापारी चहा पिऊन गेला.

मामी मागच्या वर्षी गेल्या. यंदा जत्रेआधी ओसरी पुन्हा भरली. मामांनी साठ गुण वाटले आणि थांबले. मागं गोठ्यात घोडी कडबा चघळत होती. मीच विचारलं, मामा, बाकीचे चाळीस?

"ते स्वभावाचे, जावईबापू," मामा म्हणाले. "त्यातलं तुमच्या मामीलाच कळायचं."