सात नंबरची काच

शेतीतल्या एका बुरशीनाशकामुळे पेशींमधल्या गुणसूत्रांची मोडतोड होते का, हे आमच्या मुलुंडच्या प्रयोगशाळेत आम्ही कांद्यांवर तपासत होतो. कांदे मंडईतून मीच आणायचे. एकेक कांदा उलटासुलटा करून बघायचे, तेव्हा कांदेवाला वैतागायचा. काही कांदे साध्या पाण्यावर ठेवायचे, काही औषधाच्या पाण्यावर. मुळं फुटली की त्यांची टोकं रंगवून काचेवर दाबायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजायच्या. कुठली काच कशाची हे मोजणाऱ्याला कळू नये म्हणून आमच्या प्रमुख मॅडम काचांवर फक्त नंबर टाकत आणि यादी कपाटात ठेवत.

तेच औषध माझे बाबा कोकणात आंब्यावर फवारतात. पिंपात कोपरापर्यंत हात घालून ढवळतात. लहानपणी मला त्याचं कौतुक वाटायचं. आता ते आठवायलाही नको वाटतं.

सात नंबरच्या काचेवर विभाजन होणाऱ्या पेशी फारच कमी दिसल्या. औषधाने विभाजन मंदावतं, त्यामुळे ही औषधाची, हे मी ओळखलं. एका पेशीत गुणसूत्रं दोन टोकांना निघाली होती आणि एक तुकडा मधेच राहिला होता, तुटल्याची खूण. रंगाचा डाग असेल, म्हणून मी तो न मोजता सोडला. पुढचाही सोडला. असे किती डाग त्या दुपारी सोडले, देव जाणे.

पद्धतीप्रमाणे त्याच काचा माझ्या सहकारी मैत्रिणीनेही मोजल्या. सातवर आमचे आकडे जुळेनात. मॅडमनी स्वतः बघितलं, मग मला बसवलं.

"हा डाग आहे?"

"नाही."

"मग सोडलास कशाला गं? तुझे बाबा हेच फवारतात ना?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खोटं मोजून बाबांचा हात वाचणार होता थोडाच! स्वतःवरच चिडून मी सगळ्या काचा पुन्हा मोजल्या. मग मॅडमनी यादी उघडली. औषधाच्या काचांवर तुटके तुकडे पाण्याच्या काचांपेक्षा कितीतरी जास्त होते.

"कांद्यावरून माणसाचं ठरत नाही," मॅडम म्हणाल्या. "पण हातमोजे घालायला एवढं पुरे आहे."

संध्याकाळी बाबांना फोन करून सगळं सांगितलं. ते थट्टेवारी नेतील असं वाटलं होतं.

"माझा ऱ्हाऊ दे गो," ते म्हणाले. "फवारणीचे कपडे तुझी आवस हातान धुता."

इतके दिवस बाबांच्या हातासाठी माझा जीव टांगणीला लागला होता. आईचे हात मला एकदाही आठवले नव्हते.