गाभा जुना आहे

माझी थोरली बहीण जन्मापासून आंधळी. अड्याळच्या शाळेत ती मराठी शिकवते. उद्याचा धडा आदल्या संध्याकाळी ब्रेलपट्टीवर वाचून ठेवायचा, हा तिचा नेम. संगणकावरचं अक्षर त्या पट्टीवर टिंबं होऊन वर येतं आणि ती बोटांनी वाचते. पट्टी बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली. त्यामुळे पट्टी चालते फक्त तिच्या संगणकाच्या जुन्या कर्नलवर, म्हणजे यंत्रणेच्या गाभ्यावर.

मी संगणक दुरुस्त करून पोट भरतो, आणि घरातलाच असा पुराणा संगणक मला खुपायचा. ताई एका लग्नाला बपेऱ्याला गेली होती. मी गाभा तसाच ठेवला आणि वरचं सगळं नवं चढवलं. अंगात शहाणपणा फार! नवा गाभा जुन्या प्रोग्रामना सांभाळून घेतो. नवे प्रोग्राम जुन्या गाभ्याला तसं सांभाळतीलच असं नाही, हे मी विसरलो. संगणक सुरूच होईना. पडद्यावर इंग्रजीत एकच ओळ, कर्नल फार जुना आहे.

ताई आली, पट्टीवर बोटं फिरवली. टिंबं उठली नाहीत. मी नवं चढवलं आणि मशीननं नकार लिहिला, एवढंच मी तिला सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी पुस्तक घेऊन माझ्या खोलीच्या दारात यायची. "धडा वाचून देजो." मोठी झाल्यापासून तिनं असं कुणाला म्हटलं नव्हतं. मी वाचायचो, आणि मला माझीच लाज वाटायची.

जुन्या प्रोग्रामच्या फायली शोधण्यात आठ दिवस गेले. शेवटी माझ्याच पेटीतल्या एका सीडीवर सापडल्या. त्या परत बसवल्या, आणि तिच्या बोटांखाली टिंबं उठली.

"काय लिवलं होतं रे मशीननं?"

"कर्नल जुना झाला म्हणून."

"कर्नल म्हंजे?"

"गाभा. इंग्रजीत तांदळाच्या दाण्यालेही म्हणतात."

"जुन्या तांदळाले कोनी नावं ठेवते का?" ती हसली. आमच्याकडे पाहुणा आला की जुनाच तांदूळ काढतात. मीही हसलो. सुटलो, असं वाटलं.

मग तिची बोटं पट्टीवर थांबली.

"मशीननं तरी सांगतलं, जमत नाही म्हनून. तुनं मले विचारलं बी नाही. हे डोये तं माहे होते ना?"