बायोडाटातील अग्निशमन

सांगा बरे, अक्षर अन् अक्षर खरे लिहून कोणी खोटा ठरला आहे काय? मी ठरलो आहे!

सिंदी रेल्वे या गावातील आमच्या शाळेत मुख्याध्यापकाची जागा रिकामी झाली. निवृत्तीपूर्वी त्या खुर्चीवर बसावे, ही माझी फार दिवसांची इच्छा. अर्जासोबत बायोडाटा हवा होता. शिक्षण लिहिले, अनुभव लिहिला आणि प्रशिक्षणांपाशी लेखणी अडली. शिक्षकाला काय थोडी प्रशिक्षणे घडतात? निवडणूक, जनगणना, पोषण आहार, अग्निशमन! सारी लिहावीत, तर आत्मस्तुती. गाळावीत, तर सत्य दडवल्याचे पाप. देवापुढे जाऊन बसलो, देवही बोलेना.

"काऊन थांबले जी?" सौभाग्यवतींनी विचारले.

"लिहिणे योग्य की अयोग्य, तेच कळत नाही."

"गेलते ना तुम्ही तिथं? मंग लिहा! न जाता लिहिणारे नाई का लिहून राह्यले?"

तर्क निर्दोष होता. मी गेलो होतोच. शेवटच्या बाकावर डोळे मिटून नामस्मरण करीत होतो, ही गोष्ट निराळी. सर्व लिहिले.

मुलाखतीला संस्थेचे अध्यक्ष शेठजी बसले होते. त्यांचा कापसाचा जिनिंग कारखाना. ठिणगीच्या नुसत्या विचाराने त्यांची झोप उडते. त्यांचे बोट माझ्या एम.ए.वरून घसरले, अनुभवावरून घसरले आणि अग्निशमनावर थांबले.

"सरजी! आगीचं ट्रेनिंग केलं तुम्ही? मले तं असाच मानूस पाह्यजे!"

"मला त्यातले विशेष काही येत नाही," मी खरे तेच सांगितले.

"पाहा, किती नम्र मानूस आहे!" शेठजी इतर सभासदांना म्हणाले. "चाला सरजी, दाखवा आम्हाले."

मी जितके नाकारावे, तितका माझा विनय वाढत गेला! सारे व्हरांड्यात जमले. शिपायाने भिंतीवरचे लाल नळकांडे माझ्या हाती दिले. पिन ओढायची की दाबायची? नळीचे तोंड कोणाकडे? मनोमन रामाचे नाव घेतले आणि जे जे हाताला लागले, ते ओढले व दाबले.

पांढरा धुरळा खाली बसला. शेठजी स्वच्छ होते. मी टोपीपासून चपलांपर्यंत भस्मचर्चित!

"सरजी," ते शांतपणे म्हणाले, "इथं आग तं नव्हतीच. तुम्हीच विझले!"

खुर्ची माझ्याहून कनिष्ठ असलेल्या बाईंना मिळाली. त्यांच्या पहिल्याच आदेशाने मी तेच प्रशिक्षण पुन्हा घेतले. पहिल्या बाकावर, डोळे उघडे ठेवून. आता मला एवढेच सांगा, बायोडाटात अग्निशमन एकदा लिहावे, की दोनदा?