साडेआठच्या आतली पंगत

धीरजबेन अमीन हिचं जेवणघर शिकागोच्या डेव्हन रस्त्यावर, माझ्या बिऱ्हाडाच्या बरोबर खाली. दोघींचेही नवरे गेलेले. दुपारी दोनपासून मी तिचा फोन सांभाळते. तिला इंग्रजी येत नाही असं नाही, पण फोनवर बोलणं तिला आवडत नाही. समोरचा जेवलाय की उपाशी आहे हे तोंड बघितल्याशिवाय कळत नाही, असं तिचं म्हणणं.

गुजरातेतल्या पेटलादहून आली तेव्हा ती तेवीस वर्षांची होती. पुढची सतरा वर्षं पाकिटांच्या कारखान्यात उभ्याने काम केलं आणि मग हे जेवणघर काढलं. उन्हाळा लागला की भारतातून आलेल्या सहलींच्या बसगाड्या आमच्या रस्त्यावर थांबतात. लोकांना बॅगा हव्या असतात, बदाम हवे असतात, घरच्यांसाठी चॉकलेट आणि शक्तीच्या गोळ्या हव्या असतात. आणि आठवडाभर पाव खाऊन विटलेल्यांना गरम फुलका हवा असतो. त्यांतले निम्मे तरी जैन. धीरजबेन स्वतः जातीची पटेल, लसणाच्या चटणीवर वाढलेली, रात्री दहाला जेवणारी. पण उन्हाळाभर तिच्या दारातून बटाटा आत येत नाही. कच्च्या दह्यात डाळीचं पीठ जैनांना चालत नाही, म्हणून कढीचं दही आधी तापतं, मगच त्यात बेसन पडतं. पिण्याचं पाणी उकळून, गार करून स्टीलच्या डब्यांत भरलेलं असतं. चौदशीला हिरवी भाजी चिरली जात नाही. आणि ज्यांचा चौविहार असतो, म्हणजे सूर्य मावळल्यावर जे पाण्याचा घोटही घेत नाहीत, त्यांची पंगत सूर्यास्ताच्या आत उठते.

सूर्यास्त ती मशिदीच्या वेळापत्रकावरून बघते. समोरचे बॅगावाले खलीलभाई दर वर्षी एक आणून देतात, ते शेगडीमागच्या भिंतीवर असतं. मशिदीइतका चोख सूर्य दुसरं कुणी छापत नाही, असं ती जैनांनाही बिनदिक्कत सांगते. अकरा उन्हाळ्यांत तिच्याकडे जेवण ठरलेला एकही चौविहारवाला उपाशी झोपला नव्हता. ही गोष्ट ती फारशी बोलत नसे, पण साऱ्या रस्त्याला ठाऊक होती.

२५ जून, बुधवार. सहा वाजून वीस मिनिटांनी हेमलचा फोन आला. हा सहलीचा वाटाड्या, न्यू जर्सीचा, सव्वीस वर्षांचा, गोड बोलणारा. राजकोटची अडतीस माणसं घेऊन तो डेट्रॉइटहून निघाला होता. वाटेत रस्त्याची कामं चालली होती, गाड्या मुंगीच्या पावलानं सरकत होत्या. पावणेनऊला पोचू, सूर्य सव्वानऊपर्यंत आहे, मासींना सांगा निवांत राहा, असं तो म्हणाला. मी ते तसंच आत सांगितलं.

धीरजबेनच्या हातातलं लाटणं थांबलं.

"सव्वानऊ कुठला?"

"काल डेट्रॉइटला होता म्हणे." डेट्रॉइटचं घड्याळ शिकागोच्या तासभर पुढे असतं, हे माझ्याही ध्यानात आलं नव्हतं.

तिनं पिठाच्या हातानं माझ्याकडून फोन घेतला. "हेमल, घड्याळ तासभर मागे घेतलंस आणि सूर्य तसाच पुढे ठेवलास होय रे? इथे साडेआठला मावळतो."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. मग तो हळूच म्हणाला की बसमध्ये एकवीस जणांचा चौविहार आहे, दुपारी त्यांनी नुसत्या खाकऱ्यावर भागवलंय, आणि झवेरबा म्हणून एक एकोणऐंशी वर्षांच्या आहेत, त्यांनी बावन्न वर्षांत एकदाही मोडलेला नाही. धीरजबेननं त्याला रागावण्यात वेळ घालवला नाही. तू कुठे आहेस, एवढंच विचारलं, आणि शहराच्या वेशीवरच्या वुल्फ लेकपाशी बस वळवायला सांगितलं. तळ्याकाठी बाकं आहेत. सूर्य आपल्याकडे येत नाही, आपण जेवण पुढे नेऊ.

गाडी खलीलभाईंची. त्यांनी आतल्या सगळ्या बॅगा फुटपाथवर काढल्या आणि त्यांच्या जागी मुगाच्या डाळीचं पातेलं, कढी, पापडाची भाजी, लापशी, दीडशे फुलके आणि पाण्याचे चार डबे चढले. वाटेत धीरजबेन दर पाच मिनिटांनी वेळ विचारत होती.

"बेन, मला साडेआठ शिकवू नका," खलीलभाई म्हणाले. "पन्नास वर्षं रोज्यात त्याच मिनिटाची वाट बघत आलोय."

आम्ही आठला दहा कमी असताना पोचलो. बाकांवर चादरी टाकून ताटं मांडली. आठ वाजून तीन मिनिटांनी बस आली. वीस जण खाली उतरून थेट पंगतीला बसले. झवेरबा मात्र काठी टेकत नळाकडे निघाल्या. पाय धुवायचे, एक माळ जपायची, मग जेवायचं. हेमलनं सव्वानऊ सांगितलं होतं, छापील कागद दाखवला होता. आता हॉटेलवाली बाई वेगळंच सांगते म्हणून त्या घाई करणार नव्हत्या.

"तू चौविहार करतेस?" त्यांनी धीरजबेनला विचारलं.

"नाही, बा. मी रात्री दहाला जेवते."

"मग तुला काय कळणार?"

माझ्या तोंडून काहीतरी निघून गेलं असतं. धीरजबेन शांतपणे म्हणाली, "मला नका विचारू, बा. कागदालाही नका विचारू. हात पुढे धरा आणि बोटं मोजा."

झवेरबांनी तिच्याकडे जरा निरखून पाहिलं. मग काठी हेमलकडे दिली, उजवा हात ताठ पुढे केला, आडवी बोटं पाण्यापलीकडच्या झाडांच्या रेघेवर टेकवली आणि एक डोळा मिटला. माझी आजीही शेताच्या बांधावर अशीच वेळ पाहायची, एका बोटाला पाव तास. सूर्य आणि झाडं यांच्यात दोनच बोटं मावत होती.

"दोन," त्या म्हणाल्या. हात खाली घेतला आणि न धुतलेल्या पायांनी बाकावर बसल्या. "वाढ."

धीरजबेननं स्वतः वाढलं. त्यांनी तीन फुलके खाल्ले, लापशी दोनदा घेतली, पाणी आधी बोट बुडवून पाहिलं आणि मग पोटभर प्यायल्या. आठ सव्वीसला चूळ भरून त्यांनी हात जोडले. त्यांच्या मागे बाकीच्या विसांनीही जोडले. साडेआठला सूर्य गेला. सगळ्यांची ताटं तोवर रिकामी होऊन एकावर एक रचली गेली होती. धीरजबेन कमरेवर हात ठेवून त्या रचलेल्या ताटांकडे बघत उभी होती. तिला इतकं ताठ उभं राहिलेलं मी तिच्या मुलाच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

डेव्हनवर आलो तेव्हा दहा वाजायला आले होते. रस्ता ऐन रंगात होता. साड्यांच्या दुकानांतले दिवे, कुल्फीपाशी रांग, पानवाल्याचा रेडिओ. तरण्या मंडळींनी चाटवर हात मारला. झवेरबांनी तीन दुकानं पालथी घातली, खलीलभाईंच्या सात बॅगा उघडून बघितल्या आणि एकही घेतली नाही. जो तो चहा, थंड पेय पुढे करी, आणि त्या प्रत्येकाला सांगत, माझं झालंय, बेननं तळ्याकाठी जेवू घातलंय. तिसऱ्या दुकानापर्यंत त्या सांगण्यात एकवीस ताटांची एकतीस झाली होती.

बसमध्ये चढण्याआधी हेमलनं उद्याच्या वेळांचा कागद काढला. झवेरबांनी तो हातानंच बाजूला केला आणि धीरजबेनकडे वळल्या.

"उद्या सूर्य किती वाजता?"

"पाच सतरा, बा. नवकारशी सहा पाचला, पहिला घोट तेव्हा. मसाल्याचा उकाळा तयार ठेवते."

"ऐकलंत ना सगळ्यांनी?" झवेरबा बसच्या पायरीवरून म्हणाल्या. "बेन सांगेल ती वेळ."