फोनवरची उपासना

टाळेबंदीत चर्चला कुलूप लागलं आणि आमची मूठभर मंडळी महाड, तुडील, वरंध, पोलादपूर अशी आपापल्या घरी राहिली. रविवारी सकाळी पाळकसाहेब एकेकाला फोनवर जोडून घेत. प्रार्थना जमायची, वचन वाचायला जमायचं. गाणं जमेना.

आमच्याकडे पेटी नाही. गीत माझी बायको उचलायची आणि बाकीचे तिच्या मागून येत. फोनवर तिचा आवाज तुडीलला उशिरा पोहोचे, वरंधला त्याहून उशिरा. पहिलं कडवं संपेपर्यंत सगळा गुंता झालेला असे. शेवटी पाळकसाहेबांनी नियम केला. ती एकटी गाईल. बाकीच्यांनी फोनचा आवाज बंद ठेवून घरी गायचं.

"भिंतीला गाऊन दाखवल्यासारखं वाटतं," ती म्हणायची.

मग तिला ताप आला. महाडच्या इस्पितळात तिला वेगळं ठेवलं. मला दारातूनच परत पाठवलं. त्या रविवारी ती खाटेवरून फोनवर आली. श्वास पुरत नव्हता. प्रार्थनेनंतर म्हणाली, "आज सगळ्यांनी गा. आवाज चालू ठेवून. मला एकटं नको."

"मी उचलू?" तुडीलच्या बंधूंनी विचारलं.

"तू उचललंस तर गोठ्यातली म्हैस बुजंल रे," वरंधच्या आजी म्हणाल्या.

बायको हसली आणि खोकत राहिली.

आम्ही गायलो. कुणी पुढे, कुणी मागे, मध्येच कुणाच्या तरी कुकरची शिट्टी. तिला माझा आवाज वेगळा कळावा म्हणून मी अक्षरशः ओरडत होतो. गीत संपल्यावर पाळकसाहेबांनी तिला हाक मारली. उत्तर आलं नाही. तिचा फोन तुटला होता. पहिल्या कडव्याला तुटला की शेवटच्या, कुणालाच कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी इस्पितळातून मला बोलावणं आलं ते दफनाला लांब उभं राहण्यासाठी. मूठभर मातीही जवळ जाऊन टाकता आली नाही. वॉर्डातल्या नर्सबाईंना मी विचारलं, गीत चालू होतं तेव्हा तिच्या कानाशी फोन होता का? त्यांना आठवेना. त्यांच्याकडे किती माणसं. मग देवाला विचारलं. अजून विचारतो.

पुढच्या रविवारी मी फोन घेतला, पण बोललो नाही. गीताची वेळ झाली. कुणी उचलेना. मग आजींचा आवाज आला. "मास्तर, हायस ना रे? काय तरी बोल. तू गप बसलास की आमाला वाटतं, तुझा पण फोन गेला."

मी फोन तोंडाजवळ धरला.

"मास्तर?"

मी टेबलावर बोटांनी टकटक केली.

"हाय तो," आजी सगळ्यांना म्हणाल्या. "थांबा. कोणी गाऊ नका अजून."