मातामायचा पहिला द्रोण

शकुबाईच्या खानावळीत जेवायला बसणाऱ्याला एक गोष्ट ठाऊक नसते. तो मासोळी निवडत असतो, तेव्हा शकुबाई त्याला निवडत असते. आष्टीकडून आलापल्लीला जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका फाट्यावर टिनाचं छप्पर, चार बाकं आणि मागं एक मोठं मोहाचं झाड, एवढाच तिचा पसारा. पण सव्वीस वर्षांत तिनं तिथं बसून जेवढी माणसं तपासली, तेवढी नाक्यावरच्या शिपायानंही तपासली नसतील. आधी रश्श्याच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, डोकावून मग ताट मागणारा माणूस कंजूष. आपल्या बाटलीच्या पाण्यानं ताट पुन्हा विसळणारा घरी बायकोचा जीव खाणारा. आणि "लय झकास झालं बाई" म्हणणाऱ्यावर तर तिची दुप्पट नजर, कारण उगाच कोणी गोड बोलत नाही अशी तिची पक्की खात्री होती. बहुतेक वेळा ती चुकत असणार. पण चुकल्याचं तिला कळायचं नाही, कारण तोवर माणूस बसमध्ये बसून अहेरी नाहीतर सिरोंच्याला निघून गेलेला असायचा.

नवरा मनसाराम पहाटे तलावावर जायचा आणि रोहू, मरळ, कधी झिंगे घेऊन यायचा. ढिवराच्या घरात मासोळी रांधणं कोणाला शिकवावं लागत नाही, पण शकुबाईच्या हाताला वेगळी चव होती आणि ट्रकवाले मुद्दाम तिच्यासाठी गाडी थांबवायचे. दहाच्या सुमारास रस्सा उकळला की ती पळसाच्या पानाचा द्रोण घ्यायची, त्यात भात आणि मासोळीचा एक तुकडा घालायची आणि मोहाखाली शेंदूर लावलेल्या दगडापुढं नेऊन ठेवायची. तो मातामायचा, गावदेवीचा द्रोण. तो निघाल्याशिवाय पहिलं ताट वाढायचं नाही. एकदा मोठे साहेब तीन गाड्या घेऊन आले आणि घाई करू लागले, तेव्हाही तिनं त्यांना बसवून ठेवलं होतं.

दर रविवारी दुपारी एक जीप थांबायची. सिरोंच्याकडची आणि अहेरीची सात-आठ माणसं प्रार्थनेहून परतताना तिच्याकडं जेवायची. ताट पुढं आलं की सगळी डोळे मिटून मान खाली घालायची. शकुबाईला ते पहिल्या दिवसापासून खटकलं. अन्नापुढं डोळे मिटून पुटपुटायचं म्हणजे काय? आपल्या मासोळीवर मंतर टाकतात, की मासोळीत काही घातलं असेल म्हणून उतारा करतात? तीन रविवार तिनं दम धरला. चौथ्या रविवारी अहेरीच्या दवाखान्यात नर्स असलेल्या साधनाला तिनं सरळ गाठलं.

"काऊन वो बाई, मायी मासोळी शिळी वाटते का तुमाले?"

"नाई वो," साधना हसून म्हणाली. "जेवणासाठी देवाचे आभार मानतो आमी."

"रांधलं मी, आनं आभार त्याचे?"

साधना पुन्हा हसली आणि जेवू लागली. शकुबाईला आपण जिंकलो असं वाटलं. त्या दिवसापासून तिनं त्या जीपला मोडक्या बाकावर बसवायला सुरुवात केली.

हे झालं परक्यांचं. घरच्या माणसावर संशय घ्यायची वेळ आली ती दिवाळीनंतर.

तिचा एकुलता मुलगा विक्की ऊर्जानगरला ठेकेदाराकडं वेल्डर होता. दर पंधरा दिवसांनी शनिवारी चंद्रपूरहून सुटणाऱ्या बसनं तो साडेअकराला फाट्यावर उतरायचा, पाठीवरची बॅग टाकून हात धुवायचा आणि तीन ताटं भात उडवायचा. सत्तावीस वर्षांचा बाप्या, पण आईच्या रश्श्यापुढं आठ वर्षांचा. दिवाळीनंतर मात्र तो उतरायचा, बाकावर बसायचा आणि म्हणायचा, "भूक नाई माय."

एकदा ऐकलं, दोनदा ऐकलं. तिसऱ्यांदा तिच्या मनात पाल चुकचुकली. भूक नसलेल्या माणसाचा चेहरा ती ओळखत होती. या पोराच्या ओठांना तेल लागलेलं होतं. त्याचा शर्ट धुवायला घेतला, तर खिशातून बडीशेप निघाली आणि गोंडपिपरीच्या एका हॉटेलचं नाव छापलेला पातळ कागद निघाला.

शकुबाई तो कागद हातात धरून मोरीपाशीच बसली. गोंडपिपरीला बस दहा मिनिटं थांबते. म्हणजे पोरगं तिथं जेवतं. अख्ख्या रस्त्यानं माणसं जिच्या मासोळीसाठी उपाशी येतात, तिचा पोरगा वाटेत दुसऱ्याच्या हॉटेलात पोट भरून येतो! तिला त्या क्षणी जे वाटलं, ते सवतीनं घर बळकावल्यावर बाईला वाटत असेल.

तिनं आधी स्वतःवर संशय घेतला. हाताची चव गेली का? दिवसातून पाच वेळा रस्सा चाखून पाहिला. मग शेजारच्या चहाटपरीवाल्या कुंताला विचारलं.

"पोरगी असन," कुंता बेफिकीर बोलली. "हॉटेलवाल्याची. जवान पोरगं आहे, पुरीभाजीसाठी थोडीच उतरते?"

मनसारामला विचारलं, तर तो जाळं विणता विणता म्हणाला, "जेवते ना कुठीतरी? उपाशी तं नाई ना राह्यत?" नवऱ्याच्या या असल्या समाधानाचा तिला आयुष्यभर राग होता. त्या दिवशी तो जरा जास्त आला.

पुढच्या पाळीच्या शनिवारी रस्सा मनसारामवर सोपवून ती सकाळच्या बसनं गोंडपिपरीला गेली आणि हॉटेलसमोरच्या रसवंतीआड पदर डोक्यावर ओढून उभी राहिली. चंद्रपूरची बस आली. विक्की उतरला, एकटाच. कोपऱ्यातल्या टेबलावर बसला. गल्ल्यावर मिशाळ म्हातारा, वाढायलाही पुरुषच. पोरगी नावालाही नव्हती. शकुबाईला हायसं वाटलं, आणि पुरीभाजीची प्लेट पुढं आली. विक्कीनं दोन्ही हात मांडीवर ठेवले, डोळे मिटले आणि मान खाली घातली.

रविवारच्या जीपसारखी. तशीच.

पोरगी असती तर ती भांडली असती, सून म्हणून घरातही घेतली असती. याच्याशी कसं भांडायचं, तिला कळेना. ती काळीपिवळी जीप धरून बसच्या आधी फाट्यावर पोचली. विक्की उतरला आणि म्हणाला, "भूक नाई माय."

"पुरीभाजी जड झाली असन," शकुबाई म्हणाली.

विक्कीचा चेहरा उतरला. तो खोटं बोलला नाही, एवढं मात्र तिनं नंतर कबूल केलं. गेल्या पावसाळ्यात त्याला कावीळ झाली होती. नऊ दिवस तो दवाखान्यात होता, आणि सिरोंच्याकडचा पोचू नावाचा कामावरचा जोडीदार नऊ दिवस त्याच्या उशाशी बसला होता. तो पोचू त्याच्यासाठी प्रार्थना करायचा. बरं झाल्यावर विक्की त्याच्यासोबत रविवारी प्रार्थनेला जाऊ लागला.

"आनं मले काऊन नाई सांगतलं? कावीळ झाली तं मी आली नसती?"

"तू दुकान टाकून आली असती माय. म्हून नाई सांगतलं."

"बाटला का तू?"

"बाप्तिस्मा नाई घेतला अजून. पन मन तिकडंच आहे."

"आनं मायी मासोळी? तिनं काय घोडं मारलं?"

विक्कीनं बोटं मोडली. मग म्हणाला, "मातामायचा द्रोण आधी निघते ना. दुसऱ्या देवाले दाखवलेलं खायाले मन नाई होत. हॉटेलात निदान मले माहीत नसते."

"जीपवाली मानसं तं चाटूनपुसून खाते!"

"त्यांले द्रोणाचं माहीत नाई. मले माहीत आहे."

शकुबाई त्या दिवशी खूप बोलली. ज्या मातामायनं तुला गोवरातून वाचवलं, तिचं शीत तुला चालत नाही का, म्हणाली. त्या पोचूनं तुला औषधातून काय पाजलं, तेही विचारलं. विक्की खाली मान घालून ऐकत राहिला आणि रविवारी दुपारी जेवल्याशिवाय परत गेला. बस वळणाआड झाल्यावर ती आत जाऊन रडली. धर्मासाठी रडली नाही. तिला देवापेक्षा ताट कळत होतं, आणि पोरगं आपल्या ताटावरून उठून चाललं होतं. आज ताट सोडलं, उद्या उंबरा सोडेल, ही एकच भीती तिच्या पोटात होती.

पुढचे पंधरा दिवस ती एकच गोष्ट मनात घोळवत होती. त्याला माहीत आहे, म्हणून खात नाही. माहीत नसलं तर? द्रोण बंद करणं तिला शक्य नव्हतं, पण द्रोण लवकर ठेवणं तर शक्य होतं. त्या शनिवारी तिनं नऊलाच रस्सा उकळला, द्रोण ठेवला आणि मनाशी म्हणाली, साडेअकरापर्यंत कावळे साफ करतील. मातामायचंही राहील आणि पोराच्या पोटातही जाईल.

बस आली. विक्की उतरला. ओठ कोरडे होते. गोंडपिपरीला तो जेवला नव्हता. पाणी प्याला आणि सहज विचारावं तसं त्यानं विचारलं, "माय, द्रोण निघाला का?"

"नाई काढला अजून," शकुबाई म्हणाली. "आज तुयं ताट आधी. बस."

आयुष्यभर दुसऱ्यांचं खोटं पकडणाऱ्या बाईला स्वतःचं खोटं एवढं सोपं जाईल, असं वाटलं नव्हतं. विक्कीनं तिच्याकडं क्षणभर पाहिलं. मग हात धुतले आणि बाकावर बसला. तिनं ताट पुढं ठेवलं. त्यानं डोळे मिटले.

ती समोर उभी राहून नेहमीसारखी पाहू लागली. रविवारची जीप लवकर आटपायची, हा मात्र आटपेना. वाफ त्याच्या तोंडावर जात होती आणि तो मान खाली घालून बसला होता. त्याच्या चेहऱ्यावर तिनं संशय शोधला. एवढासाही सापडला नाही. चार वर्षांचा होता तेव्हा ती मासोळीचे काटे काढून म्हणायची, डोळे मीट, तोंड उघड. आणि तो मिटायचा, उघडायचा. घास कसला ते त्यानं कधी विचारलं नाही. तोच चेहरा होता, फक्त मिशा आलेल्या.

शकुबाईनं ताट उचललं.

विक्कीनं डोळे उघडले. "काय झालं?"

"काटा आहे त्यात."

"मासोळीत काटा नाई तं काय राह्यते माय?"

"मी म्हटलं ना काटा आहे! चूप बस."

मनसारामनं संध्याकाळसाठी बादलीत दोन मरळ जिवंत ठेवल्या होत्या. तिनं त्या कापल्या, दुसरी चूल पेटवली, माळ्यावरचा लहान गंज घासून घेतला. भातही वेगळा टाकला. दोन ट्रकवाले ताटासाठी ओरडत होते. त्यांना तिनं मोठ्या गंजातलं स्वतः घ्यायला सांगितलं, जे सव्वीस वर्षांत कधी झालं नव्हतं. पाऊण तासानं तिनं विक्कीपुढं नवं ताट ठेवलं.

"मंघाचं खोटं होतं," ती चुलीकडं पाहत म्हणाली. "द्रोण नऊलाच निघाला. याच्यातलं कोनाचंच नाई काढलं. खाय."

या वेळी त्याची प्रार्थना लवकर आटपली. त्यानं तीन ताटं भात उडवला. शेवटी ताट घेऊन मोरीपाशी गेला, स्वतःच घासलं आणि पाठमोरा म्हणाला, "मले माहीत होतं माय. उतरलो तवाच मोहाखाली कावळे दिसले."

शकुबाई वळली. "तरी बसला?"

"बसलो."

"मंग डोळे मिटून एवढा वेळ काय करून राह्यला होता?"

"तू सांगशील, एवढंच मागून राह्यलो होतो."

"आनं नसतं सांगतलं तं?"

"तं खाल्लं असतं. तू वाढलं होतं."

तिनं चुलीतलं लाकूड जोरात मागं ओढलं. "ताट मी उचललं," ती तावातावानं म्हणाली. "मी, समजलं का? तुया देवाचा काही संबंध नाई त्यात!"

विक्की हसला आणि बॅग घेऊन घराकडं निघाला.

ऊन कलल्यावर गिऱ्हाईक ओसरलं तेव्हा शकुबाई मोहाखाली गेली. द्रोण रिकामा होता. दगडावरचा शेंदूर नेहमीसारखाच होता, पण तिला आज तो जरा हसरा वाटला. तिनं कमरेवर हात ठेवून त्याच्याकडं रोखून पाहिलं.

"तुयं आनं त्याच्या देवाचं," तिनं हळूच विचारलं, "आधीच काही ठरलं होतं का वो माय?"