फुटलं असेल तर घेऊन या

विद्यापीठातल्या आमच्या विभागाच्या तळघरात उतरलं की डाव्या हाताला काचकामाची खोली होती. दारावर खडूनं लिहिलेलं असायचं: 'फुटलं असेल तर घेऊन या.' अक्षरं पुसट झाली की फुंकरकाका ती पुन्हा गिरवायचे.

त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण ते हाक मारायला कुणी वापरल्याचं मला आठवत नाही. ज्योतीवर मऊ झालेल्या काचेच्या नळीत ते अशी अलगद फुंकर घालायचे की बघता बघता तिचा फुगा व्हायचा, म्हणून फुंकरकाका. बुटके, गाल सैल पडलेले, भुवया अर्ध्याअधिक जळालेल्या. हात रेशमाचे आणि जीभ मिरचीची.

त्यांचा एक नियम होता. फुटकी वस्तू टेबलावर टाकून पळायचं नाही. ज्यानं फोडली त्यानं शेजारच्या स्टुलावर बसायचं आणि ती जुळेपर्यंत कशी फुटली ते सांगायचं. 'आपोआप फुटली' म्हणणाऱ्यासमोर ते सरळ ज्योत विझवायचे. "मग आपोआपच जुळेल. घेऊन जा."

मी तिथे भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करत होते. आमची वस्ती कातडी कमावण्याच्या कारखान्यामागे, वडील तिथेच कातडी खारवायचे. चाळीसजणांच्या वर्गात आमच्या वस्तीतले आम्ही तिघं. आम्हाला कुणी वाईट वागवलं असं नाही, खोटं कशाला बोलू? पण आम्हाला कुणी काही सांगायचंही नाही. पीएच.डी.चा अर्ज कधी करायचा, शिफारसपत्र कुणाकडून घ्यायचं, हे सगळं प्राध्यापकांच्या चहाच्या टेबलाभोवती ठरायचं, आणि तिथे आम्हाला कुणी बोलावत नसे. अर्जाची मुदत मला पहिल्यांदा कळली ती काकांकडून. जिन्यात अडवून म्हणाले, "सत्राच्या शेवटच्या महिन्यातला शेवटचा शुक्रवार. लिहून घे. आणि सरांचं पत्र लागतं, ते मागावं लागतं. न मागता आईसुद्धा वाढत नाही."

मला अतिशय थंड केलेल्या धातूंतून वीज कशी वाहते ते शोधायचं होतं. वेडच होतं ते. त्यासाठी काचेच्या नळ्यांचं एक जाळं पंपानं पूर्ण निर्वात करावं लागे. हवेचा कण आत शिरला तरी मोजमाप वाया.

शेवटच्या सत्रात माझ्या कोपराचा धक्का लागून त्यातली एक जोडणी तडकली. केसाएवढी चीर. मी तिच्यावर गोंद लावला आणि मूग गिळून बसले. इतरांपैकी कुणी फोडलं की फक्त काच फुटायची. आमच्यापैकी कुणी फोडलं की 'ही माणसं अशीच' व्हायचं. निदान मला तसं वाटायचं, आणि वाटायला कारणं होती.

तीन आठवडे पंप घरघरत राहिला आणि दाबाचा काटा काही खाली येईना. एकदा माझे मार्गदर्शक सर व्हरांड्यात कुणाला तरी म्हणाले, "मुलगी हुशार आहे, पण प्रयोगाचा हात नाही." मी दाराआड उभी होते. तेव्हाच ठरवलं, पत्र मागायचंच नाही. एखाद्या शाळेत नोकरी बघायची आणि हे खूळ डोक्यातून काढून टाकायचं.

शुक्रवार तीन दिवसांवर आला तेव्हा भर दुपारी फुंकरकाका धापा टाकत दोन मजले चढून वर आले. हातात काचेतली गळती शोधायचं, ठिणगी पाडणारं यंत्र.

"चार महिन्यांत तू एकदाही खाली आली नाहीस," ते म्हणाले. "इतकी गुणी काच मी अजून बनवलेली नाही."

त्यांनी पडदे ओढले आणि यंत्राचं टोक नळ्यांवरून फिरवायला सुरुवात केली. जांभळी ठिणगी काचेवरून रांगत होती, इकडेतिकडे फाटे फोडत. गोंदाच्या डागापाशी आली आणि सुईसारखी सरळ आत शिरली. तिथे एक पांढरा ठिपका लख्ख पेटला. माझं सगळं बिंग त्या ठिपक्यात होतं. मला रडू फुटलं.

"रडून गळती थांबत नसते," काका म्हणाले. "चल खाली. स्टूल रिकामं आहे."

जोडणी जुळेपर्यंत मी सगळं सांगून टाकलं. ते मान हलवत ऐकत होते. शेवटी म्हणाले, "आता हेच वर जाऊन सरांना सांग. आणि पत्र माग."

"तुम्ही सांगा ना, काका."

"मी काच जोडतो. पुढचं तुझं तू."

मी गेले. सरांनी मला चांगलंच फैलावर घेतलं, मग प्रयोगवहीत सगळं जसंच्या तसं लिहायला लावलं. गुरुवारी काटा खाली आला. त्याच संध्याकाळी त्यांनी बंद पाकिटात पत्र दिलं. त्यात काय होतं ते मला बारा वर्षांनी समजलं, त्याच विभागात शिकवायला लागल्यावर, माझी जुनी फाइल हाती आली तेव्हा. 'ही मुलगी स्वतःची चूक स्वतः येऊन सांगते. हिच्या आकड्यांवर मी डोळे मिटून विश्वास ठेवेन.'

लोक म्हणतात, तू कष्टानं डॉक्टर झालीस. कष्ट माझ्या वडिलांनीही केले, माझ्याहून जास्त. पण त्यांच्यासाठी कुणी दोन मजले चढून आलं नव्हतं. माझ्या तोंडी परीक्षेला काका इस्त्रीचा शर्ट घालून मागच्या बाकावर बसले होते. प्रबंधात त्यांचे आभार पहिल्या ओळीत मानले होते. ती ओळ त्यांनी वाचली न वाचल्यासारखी केली, आकृतीचं पान काढलं आणि म्हणाले, "ही जोडणी वाकडी काढलीयस."

माझ्या आधी आमच्यासारख्या घरांतल्या चौघांना त्यांनी असंच हुडकून काढलं होतं, माझ्यानंतर आणखी सहाजणांना. मग ते निवृत्त झाले.

परवा माझ्या लक्षात आलं, माझ्या प्रयोगशाळेतल्या नव्या मुलीनं पाच महिन्यांत काहीच फोडलेलं नाही. तिची आई इमारतींचे जिने झाडते. मी कपाटातून ठिणगीचं यंत्र काढलं तशी ती पांढरीफटक पडली. चीर सापडली. तिच्यावर नखांना लावायचं पॉलिश होतं, गुलाबी. तिला स्टुलावर बसवलं, सगळं ऐकून घेतलं आणि घरी पाठवलं. मग काकांना फोन लावला.

"गुलाबी!" ते खोकेपर्यंत हसले. "तुझ्या गोंदापेक्षा बरं."

"काका, तुम्हाला कसं हो कळायचं, कोण लपवतंय ते?"



"अगं, सातवीत असताना माझ्या हातून शाळेतलं काचपात्र फुटलं. तुकडे दप्तरात घालून घरी आलो. दुसऱ्या दिवशी भीतीनं शाळेत गेलोच नाही."

"मग?"

"मग काय. अजून गेलो नाही."

आणि लगेच म्हणाले, "ती पोरगी उद्या येते का बघ. आणि मला कळव."

रात्र कशीबशी काढली. सकाळी जाऊन पाहते तो ती माझ्याआधी येऊन दाराशी उभी, हातात प्रयोगवही. मी तिथूनच काकांना फोन लावला.

"आली," मी म्हणाले.